ठसा किती बोलतो?

पेढीवर वाढलेल्या मुलाला सहीची किंमत लवकर कळते. आजोबा धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहितात, मग अक्षरांत लिहितात, अक्षरांच्या शेवटी ‘फक्त’ लिहून पुढे आडवी रेघ ओढतात. नातवंडे ते पाहत असतात. ती रेघ कशासाठी, असे विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते : उरलेल्या जागेत कुणी काही घुसडू नये म्हणून. जुन्या हुंडीत याहून अधिक खबरदारी असे. रक्कम आकड्यांत असे, अक्षरांत असे, आणि शिवाय तिच्या निम्म्याचा उल्लेख करून त्याची दुप्पट असेही लिहिलेले असे. शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला मग एकाच कागदावर अनेक ठिकाणी हात चालवावा लागे आणि कुठेतरी तो उघडा पडे. खोटा कागद ओळखण्याची आणि त्यापासून स्वतःला वाचवण्याची विद्या व्यापारी घरांना प्रयोगशाळेवाचूनही ठाऊक होती.

या विद्येचे प्रयोगशाळेतील रूप म्हणजे न्यायसहायक विज्ञान. हे शासकीय मराठी नाव कानाला थोडे जड वाटते, पण नेमके आहे. हे शास्त्र न्याय करत नाही. न्यायाला साहाय्य करते. लहान विद्यार्थ्यांना ते पुस्तकातून न शिकवता हाताने करून पाहण्याच्या कृतींतून शिकवावे, ही कल्पना गेल्या काही दशकांत अनेक देशांतील शाळांनी उचलली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ‘लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स’ या संस्थेने शिक्षकांसाठी काढलेल्या हस्तपुस्तिकांच्या मालेत या विषयालाही स्थान मिळाले. एका पुस्तिकेत बोटांचे ठसे आहेत, दुसरीत एखादी चिठ्ठी अनेक काळ्या पेनांपैकी कोणत्या पेनाने लिहिली हे शोधायचे आहे, तिसरीत अख्ख्या वर्गाने मिळून एक रहस्य उलगडायचे आहे. सर्वांत लहान मुलांसाठीच्या रहस्यात खून नाही आणि खरे तर चोरीही नाही. खेळण्यातले एक अस्वल जागेवर नाही. ते कुणी ‘उसने’ नेले, एवढाच प्रश्न.

ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण या विषयाचे नाव काढताच पालकांच्या कपाळावर आठी पडते. गुन्हा, रक्त, मृतदेह यांच्या जवळ मुलांना कशाला न्यायचे? शंका रास्त आहे. पण वर्गातील न्यायसहायक विज्ञानाला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. त्याला लागतात शिसपेन्सिल, पारदर्शक चिकटपट्टी, गाळण कागद, भिंग, विजेरी आणि थोडा धीर. दूरचित्रवाणीवरील ‘सीआयडी’ मालिकेत डॉ. साळुंखे परीक्षानळीतील द्रवाचा रंग पालटताच निष्कर्ष जाहीर करतात. खऱ्या प्रयोगशाळेत आणि चांगल्या वर्गात मात्र शोधाइतकाच वेळ आपण काय शोधू शकलो नाही हे लिहून ठेवण्यात जातो. मुलांना शिकवण्यासारखे जे आहे ते नेमके तिथे आहे.

अंगठा आणि करारनामा

बोटांच्या ठशांचा आधुनिक इतिहास एखाद्या खुनाच्या तपासातून सुरू झाला असेल असे सर्वांना वाटते. तो सुरू झाला एका व्यापारी करारातून, आणि तोही भारतात. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक कंत्राटदाराशी रस्त्यासाठी दोन हजार मण खडी पुरवण्याचा करार केला. ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणून लोक पुढे करार नाकारतात, याचा हर्शेलला अनुभव होता. म्हणून त्याने कोनाईच्या तळहाताला तेलकट शाई लावून पूर्ण पंजाचा ठसा कराराच्या मागील बाजूस उमटवून घेतला. त्या क्षणी शास्त्र काहीच नव्हते. हेतू होता तो समोरच्याला वचक बसावा इतकाच. पण हर्शेलला या ठशांचा नाद लागला. तो वर्षानुवर्षे ठसे जमवत गेला, वयाबरोबर रेषा बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानी आले, आणि १८७७ साली हुगळी येथे दस्तनोंदणीसाठी व निवृत्तिवेतनासाठी त्याने ठशांचा वापर सुरू केला.

ठसे घेणे सोपे आहे. घेतलेल्या हजारो ठशांतून हवा तो शोधून काढणे अवघड. ही अडचण कलकत्त्यात सुटली. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे भारतीय काम करत होते. वर्गीकरणाची पद्धत हेन्रींच्या नावाने जगभर गेली, पण तिच्यामागील गणित प्रामुख्याने हक यांचे होते. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा जगातील पहिला विभाग स्थापन झाला; लंडनच्या स्कॉटलंड यार्डला तो १९०१ साली मिळाला. हक आणि बोस यांना खानबहादूर व रायबहादूर हे किताब आणि सरकारी बक्षीस मिळाले खरे, पण पुष्कळ उशिरा, आणि पद्धतीच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही ती नाहीच.

हे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येते आणि तेच या विषयाचे उत्तम प्रवेशद्वार आहे. कोऱ्या कागदावर मऊ शिसपेन्सिलीने गडद ठिपका रंगवायचा, त्यावर बोट फिरवायचे, मग बोटावर चिकटपट्टी दाबून ती उचलायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. शाईपेक्षा हा ठसा स्वच्छ येतो आणि कपडे खराब होत नाहीत. घरोघरी मुले बोटांवरील शंख आणि चक्रे मोजतात. शास्त्र तीन मुख्य गट मानते : कमान, वळसा आणि चक्र. निम्म्याहून अधिक बोटांवर वळसे असतात, साधारण एकतृतीयांश बोटांवर चक्रे, आणि कमानी अगदी थोड्या. वर्गातील सर्वांच्या बोटांची मोजणी फळ्यावर मांडली तर हे प्रमाण मुलांच्या डोळ्यांसमोरच उभे राहते; कधी ते जुळत नाही, आणि तीस-चाळीस मुलांच्या मोजणीतून साऱ्या जगाचे प्रमाण का निघत नाही याची चर्चा आपोआप सुरू होते.

मग हक यांचे गणित. उजव्या हाताचा अंगठा हे १ क्रमांकाचे बोट, उजवी करंगळी ५; डावा अंगठा ६ आणि डावी करंगळी १०. दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीचे मूल्य १६, दुसरीचे ८, तिसरीचे ४, चौथीचे २, पाचवीचे १. ज्या बोटावर चक्र असेल त्याचेच मूल्य धरायचे. इतर बोटांना शून्य. सम क्रमांकाच्या बोटांच्या मूल्यांची बेरीज करून तीत १ मिळवला की अंश मिळतो, विषम क्रमांकाच्या बोटांचे तसेच केले की छेद. एखाद्या मुलीच्या उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या मधल्या बोटावर चक्र असेल तर अंश २ अधिक १, म्हणजे ३. छेद १६ अधिक १, म्हणजे १७. तिच्या कागदावर ३/१७ असा अपूर्णांक पडतो. अंश बत्तीस प्रकारचे, छेद बत्तीस प्रकारचे, म्हणून सारे मिळून १०२४ कप्पे. मुनीमाने खतावणीत खात्याचे पान काढावे तसे पोलीस लिपिकाने थेट योग्य कप्प्यापाशी जायचे. हे गणित करताना एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी लागते : दोघांचा अपूर्णांक एकच आला म्हणजे दोघांचे ठसे एक झाले असे नव्हे. कप्पा फक्त शोध आटोपशीर करतो. ओळख पटते ती पुढे, रेषा कुठे फुटते, कुठे अचानक संपते, कुठे दोन रेषांमध्ये बेट तयार होते हे भिंगातून एकेक करून पाहिल्यावर. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांच्या बोटांवरही या खुणा वेगळ्या असतात.

पंचांगावरचा डाग

कलकत्त्याच्या विभागाची घडी बसत होती त्याच सुमारास, १८९७ साली, बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याची कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उघडी होती. संशय अनेकांवर गेला : स्वयंपाक्यावर, मळ्यातील मजुरांवर, वाटेवरून गेलेल्या काबुली व्यापाऱ्यांवर, आणि पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकरावर. पेटीत फिकट निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग होते. त्यावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग होते आणि त्यांपैकी एकात अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. विभागातील नोंदींशी तुलना केल्यावर तो ठसा त्या जुन्या नोकराच्या, कांगाली चरणच्या, उजव्या अंगठ्याचा निघाला. तो शेकडो मैलांवर सापडला. डाग रक्ताचा असल्याचे रासायनिक परीक्षकाने सांगितले.

एवढ्यावर कोणतीही दूरचित्रवाणी मालिका संपली असती. न्यायालयाने १८९८ साली निकाल दिला तो असा : चोरी सिद्ध, खून सिद्ध नाही. ठशावरून त्याने त्या पंचांगाला हात लावला होता हे निश्चित होत होते. खून करताना त्याला कुणी पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयीचे तज्ज्ञांचे मत न्यायालयात ग्राह्य ठरले. पण ठशाने काय सांगितले आणि काय सांगितले नाही यांच्यामधील रेषा त्या न्यायालयाने आधीच आखून ठेवली होती.

ही हकिगत मुलांना सांगताना खुनाचा तपशील गाळला तरी काही बिघडत नाही. त्यांच्यापुढे ठेवायचा प्रश्न वेगळा आहे. काचेच्या पेल्यावर बोट टेकवायचे, काजळीसारखी बारीक केलेली पेन्सिलची पूड मऊ कुंचल्याने हळुवार फिरवायची, उमटलेला ठसा चिकटपट्टीने उचलायचा. गडद पृष्ठभाग असेल तर टाल्कम पावडर घ्यायची आणि ठसा काळ्या कागदावर चिकटवायचा. (पूड फुंकायची नाही. नाकातोंडात जाते आणि ठसाही जातो.) ठसा कुणाचा हे ओळखता आल्यावर मुलांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. त्याच वेळी शिक्षकाने तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत : ‘याने पेल्याला हात लावला.’ ‘याने पेल्यातील सरबत प्यायले.’ ‘याने आज दुपारी पेल्यातील सरबत प्यायले.’ यांपैकी कोणते वाक्य ठशाने सिद्ध होते? पहिल्या उत्साहात बहुतेक हात तिसऱ्या वाक्याला वर होण्याचा संभव अधिक. मग चर्चा होते, हात एकेक करून खाली येतात.

शाईचा रंग, मनाचा रंग

व्यापारी घरातील मुलांना सर्वांत जवळचा वाटेल असा प्रयोग शाईचा आहे. हिशेबाच्या वहीत एकच ओळ नंतर घुसडलेली असेल तर? डोळ्याला सारी अक्षरे काळीच दिसतात. पण बाजारातील अनेक काळ्या शाया एका रंगाच्या नसतात. निळा, जांभळा, पिवळा, लाल असे रंग मिसळून काळा केलेला असतो. गाळण कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायची, खालच्या टोकापासून दोन सेंटीमीटरवर रेघ ओढून तिच्यावर स्केचपेनाचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवायचे, मात्र ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. रेघ पेन्सिलीनेच ओढायची. पेनाने ओढली तर रेघही पळू लागते, आणि ही चूक प्रत्येक वर्गात एकदा तरी होऊ द्यावी. पाणी कागदातून वर चढते, रंग त्याच्याबरोबर निघतात, काही लवकर दमतात, काही लांब जातात. दहा मिनिटांत काळ्या ठिपक्याचा इंद्रधनुष्यी पट्टा होतो.

या पद्धतीचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतील रंगद्रव्ये वेगळी करताना घातला. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग, हा योगायोग मुलांना फार आवडतो. पुढे मार्टिन आणि सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांना याच विद्येच्या विस्तारासाठी १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

स्केचपेनानंतर मुले बॉलपेन घेतात आणि निराश होतात. ठिपका जागचा हलत नाही. बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही, तिला अल्कोहोलसारखे द्रावण लागते, आणि काही जेल पेनांतील रंगकण त्यातही विरघळत नाहीत. निकाल ‘वेगळे’ की ‘सारखे’, यांशिवाय ‘या पद्धतीने ठरवता येत नाही’ असे तिसरे उत्तरही असते, हे मुलांना इथे प्रथमच भेटते. आणखी एक भेट लगेच घडवावी. दोन पट्ट्यांवरील पट्टे अगदी सारखे आले म्हणजे शाई त्याच पेनाची, असे मुले म्हणतात. तेव्हा त्याच कंपनीची दोन पेने त्यांच्यापुढे ठेवावीत. पट्टे सारखेच येतात. म्हणजे फरक दिसला तर पेन वेगळे हे खात्रीने सांगता येते. साम्य दिसले तर पेन तेच असू शकेल, इतकेच. होकार आणि नकार यांचे वजन सारखे नसते.

पण या साऱ्या प्रयोगांत सर्वांत मोलाचा प्रयोग ठशांचा किंवा शाईचा नाही. तो पाहणाऱ्याच्या मनाचा आहे. २००४ साली स्पेनमधील माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. तिथे सापडलेल्या एका प्लास्टिक पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा ठरवला. एकाहून अधिक अनुभवी तज्ज्ञांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या निरपराध माणसाला सुमारे दोन आठवडे अटकेत काढावे लागले. स्पॅनिश पोलिसांनी तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा एफबीआयला जाहीर क्षमा मागावी लागली. ठसे खोटे नव्हते, यंत्रे बिघडलेली नव्हती. एकदा ‘हाच’ असे वाटले की जुळणाऱ्या रेषा ठळक दिसू लागतात आणि न जुळणाऱ्या रेषांची कारणे सापडत जातात.

दोन वर्षांनी इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी पण अस्वस्थ करणारी चाचणी प्रसिद्ध केली. पाच ठसेतज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या आणि सांगितले, की हीच ती माद्रिदची चुकलेली जोडी. प्रत्यक्षात त्या जोड्या याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी नेहमीच्या कामात तपासून ‘जुळतात’ असे ठरवलेल्या होत्या. पाचांपैकी चौघांनी आपले पूर्वीचे मत बदलले.

शाळेत याची नक्कल अगदी सोपी आहे. वर्गाचे दोन गट करायचे. दोघांना एकच पुसट ठसा आणि तुलनेसाठी एकच स्वच्छ ठसा द्यायचा. एका गटाच्या कागदावर लिहायचे, ‘संशयिताने चूक कबूल केली आहे’. दुसऱ्या गटाच्या कागदावर, ‘संशयित त्या दिवशी परगावी होता’. दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली की शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. यानंतर मुलेच नियम सुचवतात : नमुन्यांवर नावे नकोत, क्रमांक हवेत, जो तपासेल त्याला कथा सांगायची नाही, दोघांनी स्वतंत्र तपासायचे आणि मग बोलायचे. प्रयोगशाळांनी मोठी किंमत मोजून शिकलेले नियम बारा वर्षांची मुले अर्ध्या तासात शोधून काढतात.

सह्यांचा प्रयोगही याच नियमांनी करावा. प्रत्येकाने आपली सही दहा वेळा करायची. शेजाऱ्याने तिची नक्कल करायची. भिंगाखाली खऱ्या सहीच्या रेषा वेगात गेलेल्या दिसतात, नकलेत हात थबकलेला, थरथरलेला, मध्येच पेन उचललेले दिसते. मात्र मुलांना सर्वाधिक नवल वाटते ते खऱ्या सह्यांचे. दहांपैकी कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या नसतात. म्हणूनच दोन सह्या एकमेकींवर ठेवून अगदी रेषेला रेषा जुळली, तर अनुभवी परीक्षकाला समाधान वाटत नाही. त्याला एक सही दुसरीवरून गिरवल्याचा संशय येतो. बँकेतून ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आलेल्या धनादेशावर घरात चिडचिड होते, तेव्हा ही बाजू सहसा कुणी आठवत नाही.

लेखनाचे वळ हा त्याच कुळातील प्रयोग. पावतीपुस्तकाच्या किंवा चिठ्ठ्यांच्या वहीच्या वरच्या पानावर जोर देऊन लिहिले आणि ते पान फाडले, तरी खालच्या कोऱ्या पानावर वळ राहतात. खोली अंधारी करून विजेरी पानाला जवळजवळ समांतर धरली, की वळांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे वाचता येतात. चित्रपटांत अशा पानावर पेन्सिल घासतात. ते चुकीचे आहे. त्याने वळ दिसतात, पण पुरावा कायमचा बिघडतो. आधी तिरपा प्रकाश, छायाचित्र, नोंद, हाच क्रम.

पावलांचे ठसे, पांढऱ्या भुकट्यांची ओळख, अन्नातील भेसळ हे प्रयोगही मुलांना आवडतात. उकळून गार केलेल्या खव्याच्या नमुन्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब निळाकाळा झाला तर पिष्टाची भेसळ. पाण्याच्या पेल्यात टाकल्यावर बहुतेक मिरे बुडतात, पपईच्या बिया तरंगतात. अशा चाचण्यांची पुस्तिका भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने काढली आहे. किराणा आणि मसाल्यांच्या व्यापारातील घरांत तिचे वेगळे समर्थन करण्याची गरज नाही. पाऊलठशांसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरताना मात्र मोठ्या माणसाने जवळ असावे : ते घट्ट होताना चांगलेच तापते, त्यात बोटे किंवा हात कधीही बुडवून ठेवू नयेत, आणि उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये.

एका खबरदारीबद्दल शाळा अजून पुरेशा जागरूक दिसत नाहीत. मुलांच्या दहा बोटांचे ठसे नावासह कागदावर घेऊन ते वर्गाच्या भिंतीवर लावणे किंवा त्यांची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे टाळलेच पाहिजे. आधार क्रमांकाशी जोडलेल्या ठशावर आज पैशांचे व्यवहार होतात, आणि दस्तऐवजांवरील ठशांची नक्कल करून बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. प्रयोग संपल्यावर ठशांचे कागद मुलांनी स्वतः फाडावेत. मोठ्यांनीही यानिमित्ताने आपल्या आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवण्याच्या सोयीची माहिती करून घ्यावी. मोठे झाल्यावर या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने अंमलात येत जाईल तशी प्रशिक्षित माणसांची गरज वाढणार हे उघड आहे.

सत्राच्या शेवटी सर्व प्रयोग एका रहस्यात गुंफावेत, आणि ते रहस्य मुलांच्या ओळखीच्या जगातले असावे. समजा, दुकानाच्या गल्ल्यातून ५०० रुपयांची नोट कमी भरली. तीन नावे पुढे येतात : मालकाचा भाचा, हिशेबनीस आणि दुकान झाडणारा नोकर. गल्ल्याच्या खणावर बाहेरून ठसा मिळतो आणि तो नोकराचा निघतो. वर्गात एकच गलका होतो. खऱ्या दुकानातही असाच होतो, आणि तिथे त्या गलक्यात एखाद्याची रोजी जाते, त्याच्या घरी चूल पेटत नाही आणि दुसऱ्या दुकानाची दारेही बंद होतात. वर्गात मात्र कुणीतरी हात वर करते. तो रोज सकाळी खण पुसतो ना? मग त्याचा ठसा तिथे असणारच. नसता तर नवल.

मग मुले पुन्हा टेबलाकडे वळतात. खणाच्या आतील बाजूस दोन ठसे आहेत, मालकाचा आणि हिशेबनिसाचा. दोघेही रोज खण उघडतात. रोजमेळातील ओळींची शाई तपासली जाते. सारी एकाच प्रकारची, घुसडलेले काही नाही. उरते गल्ल्याशेजारची चिठ्ठ्यांची वही. तिचे वरचे पान फाडलेले आहे. दिवे मालवले जातात, विजेरी तिरपी धरली जाते, आणि पहिल्या बाकावरची मुलगी सावल्यांतून एकेक अक्षर लावत वाचते : हमाली, ५००. अक्षर मालकाचे आहे. माल उतरला तेव्हा त्यांनीच पैसे दिले होते, चिठ्ठी हमालाच्या हाती गेली होती आणि रोजमेळात नोंद राहून गेली होती. अहवालाच्या कागदावर ‘चोर कोण’ ही जागा कोरीच राहते. रोजमेळात मात्र एक ओळ वाढते : हमाली खाते नावे, रु. ५००.